पगार आणि शांती

(शास्त्रवाचन : अनुवाद 24:14-15; मत्तय 20:1-16; कलस्सैकरांस पत्र 2:13-15)



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत असे घर विरळाच की, ज्यातील कोणी ना कोणी पोटासाठी मुंबईस गेले नाही. एके काळी त्या माणसाच्या पत्राची सारे घर वाट पाही, आणि पत्रात इतर काही असो वा नसो, एक वाक्य हटकून असे : पगार झाला की मनीऑर्डर करतो. हा 'पगार' शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की, तो दूर देशाहून आलेला पाहुणा आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. आज आम्ही या एकाच शब्दाविषयी चार गोष्टी सांगू इच्छितो. शब्दांची मुळे खणणे हे पंडितांचे काम आहे, आणि शब्दाच्या व्युत्पत्तीवरून धर्मसिद्धांत सिद्ध होत नाही, हेही आम्ही जाणतो. तथापि कधीकधी शेतात नांगर चालवताना फाळाला जुने नाणे लागावे, त्याप्रमाणे एखाद्या नित्याच्या शब्दाखाली विसरलेले धन सापडते. तसे ते आम्हास सापडले, आणि ते सापडण्याचे निमित्त घडले घोडपदेव येथे.

गेल्या पावसाळ्यात एका प्रार्थनासभेसाठी आम्ही घोडपदेवास गेलो होतो. मुंबईतील हा भाग भायखळा आणि काळाचौकी यांच्या शेजारचा. पूर्वेस रे रोड व कॉटन ग्रीन ही स्टेशने आणि त्यापलीकडे बंदराची गोदामे. गिरण्या चालू होत्या तेव्हा या वस्तीचा दिवस भोंग्याने उगवे व भोंग्याने मावळे. आता भोंगे मुके झाले आहेत आणि जुन्या चाळींच्या डोक्यावरून उंच इमारती पाहत आहेत. ज्या घरी सभा होती तेथे ऐंशीच्या घरातले एक वृद्ध बंधू बसले होते. मूळ गाव नगरकडचे. तरुणपणी मुंबईस येऊन गिरणीत लागले व मागावर काम करीत राहिले. सभा आटोपल्यावर बोलता बोलता आम्ही विचारले, "बाबा, गिरणीतील दिवसांतले काय अजून आठवते?" ते म्हणाले, "साहेब, पगाराची रात्र आठवते."

मग त्यांनी ती रात्र वर्णन करून सांगितली. घरी येऊन ते पाकीट पत्नीच्या हाती देत. ती दिव्याखाली चटईवर पैशांच्या लहान लहान राशी मांडी. ही वाण्याची, ही खोलीच्या भाड्याची, ही पोरांच्या फीची, ही गावी आईला पाठवायची, ही रविवारच्या दानाची. सर्व राशी लागल्या म्हणजे मागे फारसे काही उरत नसे. तरी ती माउली दोन्ही हात झटकून म्हणे, "चला, मोकळे झालो." आणि त्या रात्री दोघांनाही जशी झोप लागे तशी महिन्याच्या इतर कोणत्याही रात्री लागत नसे.

बंधुजनहो, त्या माउलीस पोर्तुगीज येत नव्हते व लॅटिन तर तिने ऐकलेही नव्हते. परंतु पगार शब्दाचा मूळ अर्थ तिने जितका अचूक सांगितला तितका कोशकारालाही सांगता येणार नाही. तो कसा, ते पाहा.

पगार हा शब्द पोर्तुगीज लोकांनी आपल्याकडे आणला. 1534 साली वसई व मुंबईची बेटे त्यांच्या ताब्यात गेली. मुंबई इंग्रजांस देण्याचे 1661 च्या विवाहाच्या तहात ठरले व 1665 मध्ये ती प्रत्यक्ष दिली गेली. वसई तर 1739 पर्यंत, म्हणजे मराठ्यांनी ती जिंकून घेईपर्यंत, त्यांच्याकडेच होती. त्यांची सत्ता गेली, पण त्यांचे शब्द आपल्या घरात राहिले. आपण खातो तो पाव, कुलुपाची चावी, माती उचलण्याचे घमेले, इतकेच काय, आपला पाद्री व आपला नाताळ हेही शब्द त्यांचेच. त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे. आपण त्या क्रियापदाचे नाम केले आणि महिन्याच्या वेतनास ते लावले.

हा शब्द एकट्या पोर्तुगीज भाषेचा नाही. स्पॅनिश लोक 'पगार'च म्हणतात, इटलीतील लोक 'पगारे' म्हणतात, फ्रेंच लोक 'पेये' म्हणतात, आणि फ्रेंचांकडून घेऊन इंग्रज 'पे' म्हणतात. ही सारी भावंडे असून त्यांची आई लॅटिन भाषेतील 'पाकारे' ही आहे. आता 'पाकारे' म्हणजे काय? मूळ अर्थी पैसे देणे नव्हे. 'पाक्स' म्हणजे शांती, आणि 'पाकारे' म्हणजे शांत करणे. पुढे ज्याचे देणे आहे त्याचे समाधान करणे, त्याच्या मनातील तक्रार मिटवणे, असा अर्थ त्यास आला, आणि शेवटी पैसे देणे एवढाच उरला. इटालियन भाषेत आजही 'पागो' म्हणजे तृप्त, समाधान पावलेला. फ्रेंच भाषेत शांतीला जो शब्द आहे त्याचा उच्चार 'पे' असाच होतो. म्हणजे इंग्रजाच्या तोंडी जे वेतन, तेच फ्रेंचाच्या कानी शांती!

युरोपातील सर्वच भाषांनी हा एक मार्ग धरला असे मात्र नाही. जर्मन लोकांचा पैसे देण्याचा शब्द 'त्साल', म्हणजे संख्या, यापासून झाला आहे. त्यांनी देण्याकडे मोजणी म्हणून पाहिले. इंग्रजांचा मजुरीचा 'वेज' हा शब्द तारण किंवा वचन अशा अर्थाच्या मुळापासून निघाला, आणि लग्नाचा 'वेडिंग' हा शब्द त्याचाच नातलग. तेथे मजुरी म्हणजे दिलेला शब्द पाळणे. रशियन, पोलिश, चेक या भाषांत पैसे देण्याचा शब्द कापडाच्या शब्दापासून आला असे मानतात, कारण त्या देशांत पूर्वी कापडाचे तुकडे नाण्यासारखे चालत. सुमारे 965 साली इब्राहीम इब्न याकूब नावाच्या यहुदी प्रवाशाने प्राग नगराच्या वर्णनात अशा कापडी चलनाची नोंद केली आहे. घोडपदेवच्या त्या वृद्ध बंधूंस आम्ही हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे आम्ही जन्मभर नोटाच विणल्या म्हणा की!"

आणखी एक शब्द पाहा. देणे फिटल्याच्या पावतीस जर्मन लोक 'क्विटुंग' म्हणतात व फ्रेंच 'कित्तांस' म्हणतात. दोहोंचे मूळ लॅटिन 'क्विएतुस', म्हणजे विसावलेला, स्वस्थ. इंग्रजीतील 'क्वाएट' तोच. पगार म्हणजे शांत करणे आणि पावती म्हणजे विसावा. त्या माउलीचे "मोकळे झालो" हे शब्द व त्यानंतरची ती झोप यांत युरोपच्या कोशांतील दोन पाने आली नाहीत काय?

आता हीच गोष्ट पवित्र शास्त्रात पाहू. जुना करार ज्या इब्री भाषेत लिहिला गेला तिच्यात शांतीस 'शालोम' म्हणतात, हे आपल्यातील मुलेही जाणतात. परंतु त्याच धातूपासून 'शिल्लेम' हे क्रियापद होते, आणि त्याचा अर्थ देणे फेडणे, भरपाई करणे. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात चोराने चोरलेल्या जनावराची भरपाई करावी असे नियमशास्त्र सांगते, तेथे हेच क्रियापद आहे. मूळ कल्पना पूर्णतेची आहे. जे उणे होते ते भरून निघाले म्हणजे शालोम. लॅटिन व इब्री या एका कुळातील भाषा नव्हेत, एकीने दुसरीपासून हा अर्थ उसना घेतला असेही नाही. तरी दोघींच्या अनुभवास एकच गोष्ट आली की, देणे थकले असता शांती नसते.

नव्या करारातील ग्रीक भाषेत मजुरीचा शब्द 'मिस्थोस' असा आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात संध्याकाळी मजुरांस जे दिले गेले ते हेच. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, असे प्रभूने सत्तर शिष्यांस पाठवताना म्हटले, तेथेही हेच. आणि याकोबाने श्रीमंतांस बजावले की, तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, तेथेही हेच. आता नवल पाहा. या 'मिस्थोस' शब्दाचा भाऊ फारसीत 'मुज्द' असा आहे, आणि त्यापासून झालेला 'मुज्दूर' आपल्याकडे येऊन 'मजूर' झाला. म्हणजे पुष्कळ काळ ज्या नावाने आपल्या लोकांस तुच्छतेने हाक मारली गेली, ते नाव प्रभूने उच्चारलेल्या वचनाच्या ग्रीक शब्दाचे सख्खे नातलग आहे. मजूर म्हणजे हलका मनुष्य नव्हे. मजूर म्हणजे ज्याचे काही देणे लागते तो मनुष्य.

येथे आम्हास एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. 'पाकारे' या शब्दास दुसरेही तोंड होते. रोमी सेनापती एखादा देश तलवारीने जिंकून तेथील लोकांस मान वर करू देत नसे, तेव्हाही तो देश 'शांत केला' असेच म्हणे. शिवाय 'पाक्स' शब्दाचे मूळ बांधणे, घट्ट करणे या अर्थाच्या धातूत आहे, आणि कित्येक भाषापंडित आपल्या संस्कृत 'पाश' शब्दाचा संबंध त्याच्याशी जोडतात. तेव्हा पैसा देऊन मनुष्याचे समाधानही करता येते, आणि पैसा देऊन त्यास बांधूनही टाकता येते. आपल्या जिल्ह्यांत ऊसतोडीच्या हंगामापूर्वी मुकादम जी उचल देतो तिचे उदाहरण घ्या. हाती पडते तेव्हा ती शांती वाटते. परंतु हंगाम सरतो, उचल फिटत नाही, आणि पुढील वर्षी त्याच दोरीने सारे कुटुंब पुन्हा फडाकडे ओढले जाते. तोंड बंद करणारे पैसे निराळे, आणि मन शांत करणारे पैसे निराळे. मजूर गप्प आहे म्हणून तो समाधानी आहे, असे कोणत्याही मालकाने समजू नये.

देवाच्या नियमशास्त्राने या बाबतीत संदिग्धता ठेवली नाही. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो, असे अनुवादात सांगितले आहे. ती रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये असे लेवीयात आहे. महिनाअखेरची वाट नाही, पुढील आठवड्याचा वायदा नाही; केवळ सूर्यास्त.

मुंबईच्या गिरण्यांत मात्र सूर्य पुष्कळ वेळा मावळला. तेथील पहिली कापडगिरणी 1854 साली कावसजी दावर यांनी उभारण्यास घेतली. तीस वर्षांनी, 1884 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांस एकत्र करून सरकारकडे एक अर्ज केला; त्यावर सुमारे 5,500 कामगारांनी सह्या केल्या. त्यातील मागण्या आज वाचल्या तर डोळे भरून येतात. आठवड्यातून एक दिवस विसावा द्यावा, दुपारी अर्धा तास सुट्टी द्यावी, आणि एका महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आत द्यावा! म्हणजे केलेल्या कामाचे पैसे पंधरा दिवसांनी तरी हाती पडावेत, यासाठी माणसांना अर्ज करावा लागला. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. वेळेवर पगार देण्याचा कायदा होण्यास 1936 साल उजाडले. लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे. आपल्या मंडळीतील नव्हत. तरी मोशेच्या नियमशास्त्रातील एक आज्ञा त्यांनी या शहरात उभी केली, आणि आपण रविवारी उपासनेस बसतो तेव्हा त्यांचे उपकार स्मरणे हे आपले कर्तव्य आहे.

आमच्या त्या वृद्ध बंधूंची पुढील हकीगत याच इतिहासातील आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते. महिन्यांमागून महिने गेले. पगाराची रात्र पुन्हा आली नाही. हे बंधू ज्या गिरणीत होते तिचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. ती पुढे बंद झाली आणि त्यांचे हक्काचे पैसे वर्षानुवर्षे अडकून राहिले. त्या दिवसांत चाळीखालच्या वाण्याने त्यांना उधार धान्य दिले. उधारी सहाशे चाळीस रुपयांवर गेली, आणि त्या काळी ती त्यांना डोंगराएवढी वाटे. वाण्याने कधी मागितले नाही; परंतु त्याच्या दुकानावरून जाण्याचे धैर्य होईना. घरी यायचे तर दुकानासमोरून वाट होती. ते मागच्या गल्लीने वळसा घालून येऊ लागले. असे किती दिवस? "साहेब, अठरा वर्षे," ते म्हणाले.

शेवटी अडकलेल्या पैशांतील काही भाग हाती आला. त्या दिवशी ते प्रथम दुकानावर गेले. म्हातारा वाणी वारला होता. गादीवर मुलगा बसला होता. यांनी सहाशे चाळीस रुपये पुढे ठेवले व नाव सांगितले. मुलाने आतून एक जुनी वही काढली, पान उघडले आणि त्यांच्यापुढे केले. पानावर आडवी रेघ मारलेली होती व खाली म्हाताऱ्याच्या हातचा एक शब्द होता : फिटले. मुलगा म्हणाला, "काका, बाबांनी मरण्यापूर्वी संपातल्या सगळ्यांची पाने अशीच बंद केली. तुम्हाला ठाऊक नव्हते?"

हे सांगताना त्या वृद्ध बंधूंचा कंठ दाटला. आम्ही म्हणालो, "बाबा, म्हणजे कर्ज फुकटच फिटले." ते थोडे रागावून म्हणाले, "फुकट कसे, साहेब? मी दिले नाही, पण त्याच्या खिशातून तर गेले ना! त्याने सोसले म्हणून माझे फिटले."

प्रिय वाचकहो, आम्ही कित्येक उपदेश ऐकले व कित्येक केलेही. परंतु वधस्तंभाचा अर्थ इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच ऐकला. पौल प्रेषित कलस्सै येथील मंडळीस लिहितो की, आपल्याविरुद्ध असलेला लेख देवाने खोडून टाकला व तो वधस्तंभास खिळला. क्षमा म्हणजे हिशेब विसरणे नव्हे. हिशेब खरा आहे, रक्कम खरी आहे, आणि ती कोणाच्या तरी पदरातून जावी लागते. यशया संदेष्टा त्या दुःखसहन करणाऱ्या सेवकाविषयी सांगतो की, आपल्याला शांती मिळावी म्हणून त्याला शिक्षा झाली. आणि तेथे शांतीसाठी जो शब्द आहे तो 'शालोम' हाच आहे. रोमी सेनापतीने दुसऱ्याचे रक्त सांडून शांती केली. आपल्या प्रभूने स्वतःचे रक्त सांडून ती केली. हे भेदाचे स्थान नीट लक्षात ठेवा.

रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी पापाच्या वेतनाचा उल्लेख आहे. तेथील ग्रीक शब्द शिपायाला मिळणाऱ्या शिध्याचा व रोजमुऱ्याचा आहे. पाप हा असा धनी आहे की, तो ठरलेला रोजमुरा चुकवत नाही, आणि तो रोजमुरा म्हणजे मरण. परंतु सार्वकालिक जीवनाविषयी पौल वेतनाचा शब्द मुद्दाम टाळतो. त्यास तो देवाचे दान म्हणतो. ते कमावता येत नाही, त्याची उचल घेता येत नाही. ते फक्त हात पुढे करून घ्यावयाचे असते.

मग आपल्यातील कितीजण अजून मागच्या गल्लीने चालत आहेत! कोणी जुन्या पापाच्या लाजेने उपासनेस येत नाही, कोणी येऊनही प्रभुभोजनाच्या वेळी बाहेर उठून जातो. बंधो, भगिनी, पान केव्हाच बंद झाले आहे. दुकानासमोरून ये. अठरा वर्षे वळसा घालू नकोस.

परंतु ज्याची पाने बंद झाली त्याने इतरांची पाने उघडी ठेवू नयेत, आणि ज्याचे देणे लागतो ते तर मुळीच थकवू नये. म्हणून सर्व मंडळ्यांस आमची नम्र विनंती आहे. आपल्या शेतावर खुरपणीस येणाऱ्या बायांची मजुरी त्याच संध्याकाळी द्या. बाजाराच्या दिवसापर्यंत लांबवू नका. घरी भांडी घासणाऱ्या बाईस पगारासाठी दोनदा उंबरठा चढावयास लावू नका. मंडळीच्या पंचांनो, आपल्या उपदेशकाचा महिना किती दिवसांचा थकला आहे ते आजच वहीत पाहा. तो व्यासपीठावरून शांतीचा आशीर्वाद देतो, तेव्हा त्याच्या घरी वाण्याचा तगादा नसावा. आणि उपदेशक बंधूंनो, आपल्यालाही कोणाचे देणे असेल तर प्रथम ते फेडा, मग वचन उघडा. पगार शब्दात शांती दडलेली आहे. ज्याने तो अडवला त्याने शेजाऱ्याची शांती चोरली. ज्याने तो वेळेवर दिला त्याने, लहानशी का होईना, एका घरी दिव्याखाली शांती केली.

घोडपदेवहून निघताना त्या वृद्ध बंधूंनी आम्हास जिन्यापर्यंत पोहोचवले. खाली उतरल्यावर त्यांनी सांगितलेले ते दुकान आम्ही पाहिले. आता तेथे मोबाइल विकतात. तरी त्यासमोरून जाताना आमची पावले क्षणभर थांबली.

हे प्रभो, तू आमचा हिशेब आपल्या अंगावर घेतलास. आमच्या हातांनी कोणाची मजुरी अडकली असेल तर ती आज सूर्य मावळण्यापूर्वी सोडण्याची बुद्धी आम्हास दे. ज्यांचे हक्काचे अजून अडकले आहे त्यांचा न्याय कर. आणि जे मागच्या गल्लीने चालत आहेत त्यांना हाक मारून आत घे. आमेन.